एकशे अठरा बिल्ले

१ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊच्या बसने सुही ब्रोदला उतरलो. दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि माझी मुलगी नेदा. वाटेत घेतलेल्या बानित्साचा, चीज भरलेल्या पापुद्र्याच्या पावाचा चुरा तिने बसभर सांडला, तरी उतरताना ड्रायव्हरने तिला हात हलवून टाटा केला. म्हणजे गाव बरं असावं. शाळेने समोरच्याच इमारतीत दोन खोल्या दिल्यात. खिडकीतून शाळेचं पटांगण आणि मधलं लिंडनचं झाड दिसतं. नेदाने लगेच जाहीर केलं की शाळा इतकी जवळ असेल तर पावणेआठपर्यंत झोपायला हरकत नाही. नऊ वर्षांची आहे, हिशेब माझ्यासारखा करते.

नेमणूकपत्रावर लिहिलंय : अग्निसुरक्षा व पहारा. मी कुठल्या कॉलेजात गेलेलो नाही. बावीस वर्षं सूतगिरणीत वायरमन होतो. गिरणी बंद पडली तेव्हा नियमांची पुस्तकं आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचली आणि परीक्षा दिली. शेजारी दोन इंजिनिअर बसले होते. ते नापास झाले. मी झालो नाही.

बायकोचा, झिव्काचा, स्पेनहून फोन आला. तिकडे ती एका म्हातारीची देखभाल करते. म्हणाली, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या चुका काढत सुटू नकोस. मी म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून काढीन.

मुख्याध्यापिका मिंदोवा बाई भल्या वाटल्या. व्यायामशिक्षक लाझार क्रुमोव जरा टवाळ आहे. हात मिळवताना म्हणाला, या वायरमन, आधी एखादी आग लावून दाखवा, मग विझवणं बघू. शाळेची झाडलोट आणि चाव्या यानका मावशीकडे. साठी उलटलेली आहे. तिने नेदाच्या हातात एक पेर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

इमारत मोजून झाली. तीन मजले, दोन जिने. पुढचा जिना एक मीटर चाळीस, मागचा एक मीटर दहा. आग विझवायचे सिलिंडर नऊ, त्यातल्या चारांचा काटा लाल पट्ट्यात. तिसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा होज उंदरांनी कुरतडलेला. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

मागच्या जिन्याचं खालचं दार मात्र वेगळं प्रकरण आहे. लोखंडी दार, बाहेरून दुपदरी साखळी आणि कुलूप. त्यावर अकरा निधनपत्रकं चिकटवलेली. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या फोटोचा कागद दारावर लावतातच, दर वर्षी नवा लावतात. पण हे अकराही कागद मुलांचे होते. काळेपांढरे फोटो, चापून बसवलेले केस, गळ्यात रुमाल. मृत्यूची तारीख सगळ्यांची एकच : ११ ऑक्टोबर. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची.

मिंदोवा बाईंना विचारलं. त्या बराच वेळ टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, आग लागली होती, मुलं मागच्या जिन्याने उतरली, दाराला साखळी होती. मधल्या सुट्टीत पोरं मागे जाऊन सिगरेटी ओढत, म्हणून लावलेली. मी म्हटलं, आणि अकरा पोरं मेल्यावरही ती तशीच आहे? म्हणाल्या, दामोव, ते दार सोडून बाकी सगळं करा.

सुटकेच्या दाराला साखळी लावणं हा गुन्हा आहे, आणि इथे तर त्याचा पुरावा दारावरच चिकटवलेला. कटरने साखळी तोडली. कागद ओल्या फडक्याने भिजवून एकेक अखंड सोडवला आणि माझ्या खणात सपाट ठेवला. सुटकेच्या दारावर जळाऊ कागद चालत नाही. बिजागऱ्यांना तेल घातलं. दार बाहेरच्या बाजूला छान उघडतं.

आत धुरकट वास होता. इतक्या वर्षांनी वास राहत नाही. खाली बॉयलर आहे, त्याचा असणार.

१० सप्टेंबर, शनिवार

आज माझी पद्धत पुरी झाली. ही कुठल्या पुस्तकात नाही, माझी स्वतःची आहे.

सरावात शिक्षक पटांगणात मुलं मोजतात आणि दर वेळी चुकतात. मुलं हलतात, जागा बदलतात, घाबरलेल्या माणसाला वीसच्या पुढे मोजता येत नाही. म्हणून मी ॲल्युमिनियमचे एकशे अठरा बिल्ले कापले. एकशे चार मुलं, चौदा मोठी माणसं. प्रत्येकावर आकडा ठोकला. लिंडनच्या झाडाखाली लाकडी फळा रोवला, त्यावर एकशे अठरा खिळे. बिल्ला गळ्यात घालायचा, आणि बाहेर आलं की आपल्या खिळ्यावर टांगायचा. गैरहजर मुलाचा बिल्ला वर्गशिक्षकाने सकाळीच टांगून ठेवायचा. एकशे अठरावा माझा, सगळ्यांत शेवटी. फळा भरला की इमारत रिकामी.

फळा भरल्यावर दोन्ही दारांना बाहेरून अडसर. म्हणजे आगीला हवा मिळत नाही आणि मोबाईल आणायला कुणी परत धावत नाही. नियम सहावा मी स्वतः लिहिला : फळा भरल्यावर आतून काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही. तापलेलं लाकूड तडकतं, नळ ठोकल्यासारखे वाजतात, आणि लोकांना माणसं ओरडल्याचा भास होतो. आत लोक असताना दार बंद करू नये असं कायदा म्हणतो. फळा भरल्यावर आत कुणी नसतंच. कलम दोनदा वाचलं.

नेदाला सत्तेचाळीस नंबर दिला. ती तो गळ्यात घालूनच झोपली.

१५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेचा पहिला दिवस. फुलांचे गुच्छ, ध्वज, भाषण, हातातली घंटा. यानका मावशीने तांब्याच्या कळशीत जिरेनियमची डहाळी बुडवून पुढच्या उंबऱ्यावर पाणी सांडलं, मुलं त्यावरून आत गेली. शुभ असतं, माझ्या आईनेही माझ्यासाठी सांडलं होतं. त्याला मी काही बोललो नाही.

पण नंतर ती उरलेली कळशी घेऊन मागच्या दाराशी गेली आणि सगळं पाणी उंबऱ्यावर ओतलं. सावकाश, खालच्या फटीतून आत जाईल असं. मी विचारलं तर म्हणाली, रोज ओतते. मी म्हटलं, सुटकेच्या वाटेवर ओली फरशी म्हणजे पाय मोडायची सोय. ती म्हणाली, आजवर कुणाचा मोडलाय का? मी म्हटलं, आजवर दार उघडं होतं का?

त्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, मोजणीमास्तर, तुला सगळं मोजता येतं, तहान मोजता येत नाही.

मी मिंदोवा बाईंकडे लेखी तक्रार दिली. संध्याकाळपर्यंत मावशीला महिनाभराच्या रजेवर पाठवलं. जरा वाईट वाटलं. पण नियम माणूस बघून बदलला तर तो नियम राहत नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

पहिला सराव. ११.०० ला भोंगा, चार मिनिटं दहा सेकंदांत फळा भरला. क्रुमोवसुद्धा म्हणाला, वायरमन, हे जमलंय बरं का. त्याने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली.

बिल्ले परत वाटताना एक गोष्ट दिसली. आठ-दहा बिल्ल्यांवर काजळी होती. मागच्या जिन्याचा कठडा पुसायला हवा.

नेदा घरी आल्यावर म्हणाली, पाचवीच्या रांगेत मागे एक मुलगी उभी होती. कुणाशी बोलत नव्हती. पाणी मागत होती, म्हणून मी बाटली दिली. मी नेदाला तिचं नाव विचारलं. नेदा म्हणाली, सांगितलं नाही, मागच्या दाराने परत आत गेली, पण बाबा, तिने बाटली दोन्ही मनगटांनी धरली.

२७ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा सराव. तीन मिनिटं वीस सेकंद. फळा भरला. एकशे अठरा, मी बोट लावून मोजले. अडसर लावले. आतून ठोकल्याचे आवाज आले. मुलं हसली, मी नियम सहावा मोठ्याने वाचून दाखवला. दहा मिनिटांनी दारं उघडली.

पाचवीतली सेव्दा मागच्या दाराच्या आत पडलेली होती.

जे दिसलं ते लिहितो. दोन्ही हातांची नखं मुळापासून गेलेली. उजव्या हाताची तीन बोटं उलटी मोडलेली. डाव्या कानावरचे केस जळून कातडीला चिकटलेले. दारावर आतून रक्त, तिच्या उंचीवर. तिच्या गळ्यात बिल्ला नव्हता, दोरीचा काचलेला वळ होता. तिचा बिल्ला, त्रेसष्ट नंबर, फळ्यावर होता. मी हात लावला आणि माझं बोट भाजलं.

कुठेही आग नव्हती. एक काडीसुद्धा पेटलेली नव्हती.

सेव्दा जिवंत आहे. बोलत नाही. वर्गात तिच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आकार उमटलाय, लाकूड काळं पडलंय. तिच्या वर्गाची बाई शपथेवर सांगते की सराव संपून वर्ग आत आला तेव्हा एकही बाक रिकामा नव्हता.

२८ सप्टेंबर, बुधवार

क्रुमोवने शिक्षकांच्या खोलीत मला मारलं. पहिला ठोसा दातांवर, दुसरा बरगडीत. म्हणाला, पोरगी दार ठोकत होती आणि तू कागद वाचत होतास. मीही त्याला खुर्ची मारली. त्याची भुवई फुटली. मिंदोवा बाई दोघांच्या मध्ये उभ्या राहून रडल्या. मी रक्त थुंकून म्हटलं, फळा भरलेला होता. क्रुमोव म्हणाला, फळा गेला खड्ड्यात.

दुपारी यानका मावशी आमच्या खोल्यांवर आली. बसली नाही. म्हणाली, त्या दिवशी चावी माझ्या एप्रनच्या खिशात होती आणि मी दह्याच्या रांगेत उभी होते. वीस वर्षांची होते. परत आले तेव्हा दार लाल झालं होतं आणि आतून हात आपटत होते, मग कमी आपटायला लागले. चावी कुलपात वितळून बसली. त्यांना पाणी हवं होतं, तेच ओरडत होते. तेव्हापासून रोज पाणी देते. कागद लावते, म्हणजे आपण मेलोय हे त्यांच्या लक्षात राहतं. तू कागद काढलेस, पाणी बंद केलंस आणि दार उघडलंस.

मी म्हटलं, दार उघडं असतं तर ती मुलं जगली असती. ती म्हणाली, तेव्हा जगली असती.

साखळी लाव म्हणाली. मी नाही म्हटलं. आयुष्यात एक गोष्ट मी शिकलो ती ही, की सुटकेच्या दाराला साखळी लावायची नाही. भुताखेतांसाठी ती विसरणार नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

सराव ठरलेला नव्हता. ११.२० ला भोंगा आपोआप वाजला. मी वायरिंग बघितलं, कुठेही दोष नाही. मी वायरमन आहे, मला कळतं.

मुलं उतरली. क्रुमोव म्हणाला, मागचा जिना मी बघून येतो, तुझ्या खिळ्यांवर माझा विश्वास नाही. आत गेला. दार सताड उघडं होतं, मी त्याच्यापासून सहा पावलांवर उभा.

आणि उघड्या दारातून एक हात बाहेर आला. लहान. काळा, बोटांची टोकं पांढरी, हाड दिसत होतं. त्यात एकशे तेरा नंबरचा बिल्ला होता. क्रुमोवचा. हातामागून एक मुलगी बाहेर आली, माझ्याजवळून गेली, बिल्ला टांगला आणि मुलांच्या गर्दीत शिरली. मी वळेपर्यंत दिसेनाशी झाली. तिला मी ओळखतो. माझ्या खणातला चौथा कागद.

मग आत आपटल्याचा आवाज. क्रुमोव दारातच होता. दार उघडं, समोर ऊन, आणि तो हवेवर मुठी मारत होता, तिथे लोखंड असल्यासारख्या. मुठी फुटल्या तरी मारत होता. मग डोकं आपटलं. मी त्याला कमरेला धरून ओढलं, पण पलीकडून कितीतरी लहान हातांनी ओढलं. चौथ्या फटक्याला त्याची कवटी आत गेली. माझ्या सदऱ्यावर —

तो माझ्या हातात मेला.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

पोलिसांनी लिहिलं : जिन्यावरून पडून. सुटकेचं दार नियमाप्रमाणे उघडं होतं, सबब शाळेचा दोष नाही. सोमवारपासून शाळा पुन्हा सुरू.

मावशीच्या घरी गेलो. उंबऱ्यावर उभं राहून म्हटलं, माझं चुकलं. हे वाक्य मी कुणाला म्हटलेलं आठवत नाही. साखळी लावतो म्हटलं, पाणी घाल.

ती म्हणाली, अकरा होते. किती बाहेर आले ते मोजलंस का?

दोन.

मग आता नुसत्या साखळीने भागायचं नाही, म्हणाली. ते रिकामी जागा ठेवत नाहीत. एक बाहेर यायचा तर एक आत. तूच शिकवलंस त्यांना, आकडा पुरा पाहिजे म्हणून.

१० ऑक्टोबर, सोमवार

साखळी लावली होती. सकाळी ती दारासमोर पडलेली होती, प्रत्येक कडी वितळून सरळ झालेली. मावशीने सहा कळशा ओतल्या. पाणी उंबऱ्यावरच चुर्र झालं, आत गेलंच नाही.

मिंदोवा बाईंना म्हटलं, उद्या शाळा बंद ठेवा, उद्या अकरा तारीख आहे. म्हणाल्या, कारण काय लिहू, दामोव?

११ ऑक्टोबर, मंगळवार

नेदाला घरी ठेवलं. बाहेरून कुलूप लावायला गेलो, हात धजला नाही. बिल्ला तिच्या गळ्यातच राहिला. नियम माझा, मोडला मीच. रागावली. म्हणाली, बाबा, सत्तेचाळीस नसेल तर फळा कसा भरेल? म्हटलं, आज नाही भरला तरी चालेल.

नवी साखळी आणली आहे. मावशीच्या हातात आहे.

१०.४० भोंगा.

१०.४२ मागच्या जिन्यात धूर. खरा. मुलं त्यातूनच येतायत, मी शिकवलं तशी, एका ओळीत, भिंतीला हात लावून.

१०.४४ एकशे दहा. सेव्दाचा आणि क्रुमोवचा सकाळीच टांगलेला.

१०.४५ एकशे सोळा. दोन खिळे रिकामे. सत्तेचाळीस आणि माझा. बरोबर.

१०.४६ सत्तेचाळीस भरला.

सत्तेचाळीस घरी आहे. नेदाच्या गळ्यात — बिल्ला गरम आहे. आमची खिडकी उघडी, खिडकीत कुणी नाही. मिंदोवा बाई म्हणतात, दहाला आली ती, म्हणाली माझ्यावाचून बाबांचा फळा भरत नाही —

आतून ठोकतंय. मला तिचं ठोकणं माहीत आहे. दोनदा, मग एकदा.

१०.५१ आत आहे. टॉर्चवर लिहितोय.

मधल्या टप्प्यावर होती. त्यांनी तिला केसांनी धरलेलं. ओरबाडलं नव्हतं. एकजण तिची पाण्याची बाटली चाटत होता. रिकामी होती.

मी मोजले. आठ.

ओढून पाहिलं. लाथा मारल्या, टॉर्चने मारलं, एकाचा जबडा तुटून माझ्या हातात आला. दंडाचा लचका गेलाय. सोडेनात. मग माझा बिल्ला काढून तिच्या गळ्यात घातला. सोडलं. लगेच. इतकंच हवं होतं त्यांना. आकडा.

म्हटलं, पळ, खिळ्यावर टांग, मागे बघू नकोस. नेदा पळाली. दारात ऊन होतं, तिच्या वेणीवर पडलेलं दिसलं.

१०.५४ मिंदोवा बाईंचा आवाज. फळा भरला. एकशे अठरा. अडसर लावा.

ओरडलो. पोरं हसली नाहीत या वेळी. कुणीतरी नियम सहावा वाचतंय. स्पष्ट, शब्द न चुकवता.

त्या अकरांतले तिघं बाहेर आहेत. नेदाच्या रांगेत — कुणीतरी नावं घ्या. आकडा नको, नावं —

साखळी. दोन पदर. कुलूप.

मावशी म्हटलं. मावशी, मी वेलिच्को. ती दाराला तोंड लावून म्हणाली, ठाऊक आहे. पोरगी माझ्यापाशी आहे.

नखं दोन गेली. टॉर्च पिवळी पडली. दार तापतंय. ते जवळ बसलेत, मारत नाहीत आता. वाट बघतायत. घसा —

फटीतून पाणी येतंय. आत येतंय. सगळे वाकले, फरशीला तोंड लावून, आठही. मीच राहिलो, मीही वा